सेडलाककडची कॉफी

बर्नडीन हुडाक दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा पुस्तक समोर उघडं ठेवून. ही परीक्षाच तशी असते. नियमांचं जाडजूड पुस्तक सोबत न्यायचं, त्याच्या पानांना आधीच रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवायच्या, प्रश्न आला की पट्टी धरून पान उघडायचं आणि उत्तर द्यायचं. तरीही नापास. “वाढलेल्या ताटावरून उपाशी उठणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय,” असं तिचा साहेब एमलिन प्रॉसर म्हणाला होता. म्हणताना तो हसला नव्हता, म्हणून तिला ते जास्तच लागलं.

परीक्षा होती नळकामाचे नकाशे तपासण्याची. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातलं हे गाव, खाणी बंद पडून जमाना झाला, पण कुणी दवाखाना काढला किंवा चर्चच्या तळघरात नवं स्वयंपाकघर बांधलं तर त्याचा नकाशा आधी नगरपालिकेच्या टेबलावर येणार. पिण्याचं पाणी कुठून येतंय, सांडपाणी कुठून जातंय, ही दोघं कुठे एकमेकांना भेटत तर नाहीत ना, हे पुस्तकाशी ताडून पाहायचं आणि मग हिरवा शिक्का मारायचा. तो शिक्का एकतीस वर्षं एमलिनच्या हातात होता. जूनच्या तीस तारखेला एमलिन निवृत्त होणार होता. तोवर बर्नडीन पास झाली तर ती खुर्ची तिची. नाही झाली तर नकाशे बाहेरगावच्या कुठल्याशा कंपनीकडे जाणार, आणि बर्नडीन चोपन्नाव्या वर्षी पुन्हा लोकांच्या घराखाली सरपटत पाइप जोडणार. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचे फोटो पाहून नुसतं “अरे देवा” म्हटलं होतं.

बापाच्या हाताखाली वयाच्या अठराव्या वर्षापासून तिने नळकाम केलेलं. नगरपालिकेत आली ती सहा वर्षांपूर्वी, जागेवर जाऊन काम तपासायला. गावात तिच्या हाताला तोड नव्हती, हे तिचे दुष्मनही कबूल करत. आणि हातच तिला दर वेळी दगा देत होते. प्रश्न वाचला की तिला पुस्तक आठवायचंच नाही, आपण कुठे काय बसवलं होतं तेच आठवायचं. “तुझं डोकं पास होतं बर्नी,” एमलिन म्हणायचा, “हात नापास होतात. या वेळी हात घरी ठेवून जा.”

तर मे महिन्यातली गोष्ट. परीक्षा शनिवारी, आणि हा मंगळवार. दुपारच्या सुट्टीत दोघं नगरपालिकेच्या मागच्या खोलीत बसली होती. बर्नडीनच्या डब्यात कोबी घालून परतलेल्या शेवया, एमलिनच्या डब्यात रोजचंच चीज सँडविच. तो सत्तरीकडे झुकलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सरावाचा कागद.

“प्रश्न एकतीस. नळाला व्हॅक्यूम ब्रेकर बसवलाय. त्याच्या पुढे पाणी बंद करायचा कॉक कुठे बसवशील? अ, माणसाच्या हाताशी. ब, जमिनीपासून चार फुटांवर. क, कुठेच नाही.”

“अ.”

एमलिनने पेन्सिल खाली ठेवली. “पुस्तक उघडलंस?”

“नाही.”

“का नाही उघडलंस?”

“कारण मला माहीत आहे.”

“तुला काय माहीत आहे ते सांग. ब्रेकर कसा चालतो?”

“काय हो, मी शिकाऊ आहे का? पितळी टोपी असते, आत एक चकती. पाणी वाहतं तेव्हा चकती वर उचलली जाते, भोक बंद. पाणी थांबलं की चकती खाली पडते, हवा आत शिरते. मग बाहेरच्या मोठ्या लाइनचा दाब गेला तरी घाण पाणी मागे ओढलं जात नाही. हवाच ओढली जाते.”

“शाबास. आणि तू त्याच्या पुढे कॉक लावलास, अन् तो कॉक बंद केलास तर?”

“तर पाणी थांबतं.”

“पाणी थांबतं. दाब थांबतो का?”

बर्नडीनने ती चकती डोळ्यांसमोर आणली. दाब थांबत नाही. दाब रात्रंदिवस त्या चकतीला वर ढकलत राहतो. महिना नाही, वर्ष नाही, वर्षानुवर्षं. आणि तशी राहिलेली चकती एक दिवस जागच्या जागी चिकटते. मग कितीही गरज पडू दे, ती खाली पडत नाही.

“मागच्या वर्षी हाच प्रश्न चुकलीस,” एमलिन म्हणाला. “त्याच्या आधीच्या वर्षीही हाच. बाकी सगळे बदलून चुकतेस, हा मात्र नेमाने. का?”

“कारण मी तसा बसवलाय!” ती चिडून म्हणाली. “एकोणीस वर्षं झाली, चालतोय. पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी मढ्याच्या टेबलाशी ओल्या हातांनी काम केलं असतं ना, तर त्यांनीही कॉक हाताशीच...”

ती तिथेच थांबली. शेवयांचा काटा हातातच राहिला. आपण काय बोललो ते तिच्या स्वतःच्याच कानांनी पहिल्यांदा ऐकलं.

सेडलाकचं फ्युनरल होम. मागची खोली.

एमलिनने ‘कुठे?’ असं विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं, पण त्या क्षणी ते तिच्या लक्षात आलं नाही. त्याने फक्त चष्मा काढला आणि सँडविचच्या कागदाची घडी घातली.

“जा,” तो म्हणाला. “बघून ये.”

सेडलाकचं घर टेकडीवर, गावातल्या सगळ्यात उंच जागी. गावातला प्रत्येक माणूस शेवटी तिथे जातो, आणि त्याआधी निदान शंभरदा जातो, दुसऱ्यांच्या अंत्यदर्शनाला. पुढच्या दालनात शवपेटी, शेजारच्या खोलीत कॉफी. आमच्या गावात मेलेल्याशी दोन मिनिटं बोलतात आणि कॉफीच्या खोलीत दोन तास बसतात. रेमंड सेडलाक बर्नडीनच्याच वर्गातला. शाळेत बेडूक कापताना चक्कर येऊन पडलेला, आणि बापानंतर धंदा त्याच्याच गळ्यात.

“कोण गेलं?” त्याने दार उघडताच विचारलं. सवयच तशी.

“कुणी नाही. मागच्या खोलीत जाऊ दे.”

“आज काही नाहीये तिथे. रिकामी आहे.”

“म्हणूनच.”

मागच्या खोलीत पांढरं टेबल, त्याच्या बाजूला पाण्याच्या जोरावर चालणारा ओढणीचा नळ. मेलेल्याच्या अंगातलं जे काही बाहेर काढायचं असतं ते तो ओढून घेतो आणि मोरीत सोडतो. एका टोकाला पिण्याच्या पाण्याची लाइन, दुसऱ्या टोकाला, काय सांगायचं, ते. मध्ये फक्त ती पितळी टोपी. आणि टोपीच्या पुढे, टेबलाच्या अगदी हाताशी, लाल मुठीचा कॉक.

तिला तो दिवस लख्ख आठवला. नकाशात कॉक टोपीच्या अलीकडे होता, वर भिंतीला, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा. म्हातारा सेडलाक तेव्हा जिवंत होता. “पोरी,” तो म्हणाला होता, “माझे खांदे गेले. जरा खाली, हाताशी दे की.” तिने दिला. वर एक कॉक होताच, तो काढून खाली लावला. पंधरा मिनिटांचं काम. म्हाताऱ्याने तिला अक्रोड भरलेल्या नट रोलची अख्खी लादी दिली होती.

तिने पाणी बंद केलं, पान्याने टोपी उघडली आणि आत बोट घातलं. चकती वर चिकटलेली होती. नखाने ओढली, हलेना. स्क्रूड्रायव्हरने उचकटली तेव्हा ती तुकडा पडून हातात आली.

“काय झालं?” रेमंडने विचारलं.

 मान वर करून ती छतापाशी गेलेल्या तांब्याच्या पाइपाकडे पाहत होती. पाइप भिंतीला लागून गेला, कोपऱ्यात वळला आणि भिंतीत शिरला. तो पलीकडे कुठे निघतो ते तिला पाहायला जायची गरज नव्हती. तिनेच तर जोडला होता. तरीही ती गेली. कॉफीच्या खोलीत, सिंकखाली, वाकून. तोच पाइप.

“रे,” ती जमिनीवर बसूनच म्हणाली, “कधी या नळाला विचित्र पाणी आलं होतं का?”

“विचित्र म्हणजे?”

“रंगाचं. वासाचं.”

“छे.” मग तो थांबला. “एकदा. आठेक वर्षं झाली असतील. खाली तिसऱ्या रस्त्यावर मोठी लाइन फुटली होती ना, ऑगस्टमध्ये? अर्धा दिवस पाणीच नव्हतं. मी मागे काम करत होतो, ओढणीच्या नळाचा आवाजच बंद पडला. मग पाणी परत आलं तेव्हा हा नळ खोकला, आणि गुलाबीसर आलं. मी म्हटलं, गंज असणार. साफ होईपर्यंत सोडून दिलं आणि मग कॉफीचं भांडं भरलं.”

“गंज गुलाबी असतो का, रे?”

रेमंडचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मृतदेह टिकवायचं औषध गुलाबी असतं. हे त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत असणार? आठ वर्षं त्याने ते मनाच्या मागच्या खोलीत बंद करून ठेवलं होतं, की त्याला खरंच सुचलं नव्हतं, देव जाणे. माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच बघतो. तो भिंतीला टेकला आणि शाळेतल्या त्या बेडकाच्या दिवशी झाला होता तसाच पांढरा पडला.

“बर्नी,” तो म्हणाला, “तेव्हा इथे शंभर माणसं होती.”

“कुणाचं अंत्यदर्शन होतं?”

 विचारता विचारताच तिला आठवलं. त्या ऑगस्टमध्ये, त्या उकाड्यात. त्या रात्री निम्म्या गावाची पोटं बिघडली होती. तीसेक माणसं, दोघं तर इस्पितळात. आणि सगळ्या गावाने एकमुखाने ठरवलं होतं की दोष डोलोरेस यानिकच्या सँडविचमधल्या अंड्याच्या सॅलडचा. उन्हात ठेवलं असणार, बाईला अक्कल नाही. तेव्हापासून डोलोरेसच्या सॅलडला कुणी हात लावलेला नाही. तरी ती बाई दर अंत्यदर्शनाला ताट भरून आणते आणि तसंच परत नेते. गाव काही विसरत नाही, आणि चुकीचं तर मुळीच विसरत नाही.

बर्नडीनने स्वतः त्या दिवशी दोन कप प्यायले होते. आणि अंत्यदर्शन होतं ग्वेन प्रॉसरचं. एमलिनच्या बायकोचं.

तिने पाणी बंदच ठेवलं. गाडीतून लाल चिठ्ठीचं पुस्तक आणलं. काम चुकीचं सापडलं की जागेवर लाल चिठ्ठी बांधायची, हा नियम. चुकीचं वर्णन, काम करणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याची सही. तिने चूक लिहिली. काम करणाऱ्याचं नाव लिहायच्या ओळीवर पेन टेकवलं, पण अक्षर उमटेना. शनिवारी परीक्षा. पाण्याच्या बाबतीत गावाने जिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, ती खुर्ची. आणि त्याआधी चार दिवस आपणच आपल्या नावाने लिहून द्यायचं की लोकहो, मी तुम्हाला काय पाजलंय.

“मी कॉक बदलून घेतो,” रेमंड हळूच म्हणाला. “आज संध्याकाळी. कुणाला सांगायला नको. तुझ्याही भल्याचं, माझ्याही.”

“गप बस,” ती म्हणाली. त्याला म्हणाली की स्वतःला, तिलाही नीट कळलं नाही. मग तिने नाव लिहिलं. बर्नडीन हुडाक. वर आणि खाली, दोन्हीकडे तेच.

एमलिन अजून मागच्या खोलीतच होता, पट्ट्या लावलेलं पुस्तक पुढ्यात घेऊन. तिने तुटलेली चकती त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, ऑगस्ट, मोठी लाइन, गुलाबी पाणी. ग्वेनचं नाव तिने शेवटी घेतलं. तिला वाटलं, म्हातारा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मी तो बघितला होता,” एमलिन म्हणाला.

“काय?”

“कॉक. शेवटच्या तपासणीला मीच गेलो होतो ना. मी त्यावर हात ठेवला होता, बर्नी. ही मूठ नकाशात इथे नाही, हे मला माहीत होतं. कलम मला तोंडपाठ होतं.” तो चकतीकडे पाहत बोलत होता. “शुक्रवार होता. तुझं बाकीचं काम इतकं सुबक होतं की मला वाटलं, हिला माहीत असेल. हिच्या हाताला पुस्तकापेक्षा जास्त कळतं. मी सही केली आणि बाहेर येऊन कॉफी प्यायलो.”

बर्नडीन खुर्चीत बसली.  दोन वर्षं हा माणूस तिला ‘हात घरी ठेव’ म्हणून सांगत होता, आणि त्याचा स्वतःचा हात एकोणीस वर्षं त्या लाल मुठीवरच होता.

“म्हणून तुम्ही कुठे ते विचारलं नाहीत.”

“म्हणून नाही विचारलं.” त्याने नाक पुसलं. “त्या रात्री मीही आजारी होतो. मला वाटलं, दुःखाने. मग गाव म्हणालं सॅलड, मी म्हटलं सॅलड. डोलोरेसशी मी आठ वर्षं नीट बोललेलो नाही. ग्वेनच्या दिवशी तिने असं केलं, म्हणून.”  मग त्याने हात पुढे केला. “लाल चिठ्ठी दे.”

“लिहून झालीय.”

“अर्धीच झालीय. पूर्वी मंजुरी देणाऱ्याचं नाव, अशी एक ओळ आहे खाली. कुणी भरत नाही ती.” त्याने ती भरली. त्याचं अक्षर आखीव, एकतीस वर्षांच्या सवयीचं. 

शनिवारी तिने परीक्षा दिली. पन्नास मैलांवरचं केंद्र, संगणकाचा पडदा, आणि दारात पुस्तक उलटंसुलटं करून झटकणारा माणूस, कारण सुटा कागद आत नेता येत नाही. तिच्या पुस्तकातून लाल चिठ्ठीची कार्बन प्रत खाली पडली.

“हे काय?”

“उत्तर आहे,” ती म्हणाली. “ठेवून घ्या.”

तो प्रश्न आलाच. शब्द वेगळे, पण तोच. या वेळी तिचे हात गप्प होते. तरीही तिने निळी पट्टी धरून पान उघडलं, कलम ओळ न ओळ वाचलं आणि मगच खूण केली. तिने सगळेच प्रश्न तसे सोडवले, उत्तर माहीत असलं तरी. संपवून बटण दाबलं तेव्हा पडद्यावर ‘उत्तीर्ण’ आलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं.

कारण तोवर गावात बोंब झालेली होती. आरोग्य खात्याचा माणूस येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेला. अहवाल आला, आताचं पाणी शुद्ध. नवा पाइप बाहेरगावच्या प्लंबरने टाकला, कॉफीची लाइन पार वेगळी केली, एमलिनने गुडघे टेकून इंच न इंच तपासली. पण अहवाल वाचून का कुणाला तहान लागते? लोक रस्त्यात बर्नडीनला पाहून बोलणं थांबवत. बेकरीतली बाई तिला म्हणाली, “माझी आई होती त्या दिवशी,” आणि उरलेले सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले.

मंगळवारी नगरपालिकेची सभा. खुर्चीचा ठराव विषयपत्रिकेवर होता. सात सदस्य, आणि त्यांतली एक डोलोरेस यानिक, पंचाहत्तरीची, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. सदस्य आळीपाळीने बोलले, सगळे गोल गोल. सर्टिफिकेट आहे, पण. काम चांगलं आहे, पण. मग डोलोरेसने हात वर केला.

“मला एकच विचारायचंय. त्या दिवशी ते माझं सॅलड नव्हतं?”

“नाही, मिसेस यानिक,” बर्नडीन उभी राहून म्हणाली. “माझा कॉक होता.”

“आणि माझी सही,” एमलिन मागून म्हणाला.

 डोलोरेसने पर्स उघडून रुमाल काढला, त्याची चौकोनी घडी केली, परत ठेवला. आठ वर्षं. ती दर वेळी ताट घेऊन आली होती, तिला वाटत होतं कधीतरी कुणीतरी एक सँडविच उचलेल. सभागृहात कुणाचीही मान वर नव्हती. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर टाकला. गावाचा विश्वास बसतो का ते पाहू, म्हणाले. सभेतल्या लोकांना काही ठरवायचं नसलं की ते गावावर सोपवतात.

गुरुवारी सेडलाककडे अंत्यदर्शन होतं. चर्चच्या वादकवृंदातले म्हातारे ऑर्गनवाले गेले होते. आख्खं गाव आलं, आणि प्रत्येकाच्या हातात दुकानातली पाण्याची बाटली. कॉफीच्या खोलीत मोठं भांडं वाफाळत होतं, शेजारी कप रचलेले, एकही जागचा हललेला नव्हता. रेमंड दारात उभा राहून हात चोळत होता. डोलोरेसने तिचं ताट टेबलाच्या कडेला ठेवलं होतं. अंड्याची सँडविचं, नेहमीसारखी त्रिकोणी कापलेली, वर पार्सलीचं एकेक पान. त्यांनाही कुणी हात लावला नव्हता. खरं काय ते कळलं म्हणून सवय थोडीच मोडते.

बर्नडीन दारातून आत आली तेव्हा सगळे तिच्याकडे वळले. ती शवपेटीपाशी जाऊन आली होती, प्रार्थना करून. इथे थांबायचं तिला कारण नव्हतं. मग ती टेबलापाशी गेली. तिने आधी भांड्यातली कॉफी नाही घेतली. सिंकपाशी जाऊन नळ सोडला, एक कप पाण्याने भरला, सगळ्यांसमोर उजेडात धरला आणि पिऊन टाकला. घोट गिळताना तिला ते गुलाबी पाणी आठवलं, हेही खरं. तिने कप विसळला, त्यात कॉफी भरली आणि तीही प्यायली. कुणी हललं नाही. साठ माणसं तिच्या घशाकडे पाहत होती.

आता काय करावं ते तिला कळेना. हातात रिकामा कप, आणि तो खाली ठेवला तर सगळं संपलं असं वाटून ती तशीच उभी राहिली.

मग मागून पावलं आली. एमलिन. इस्त्रीचा कोट, जो त्याने ग्वेनच्या दिवशी घातला होता. तो आधी टेबलाच्या कडेला गेला, डोलोरेसच्या समोर. त्याने ताटातून एक सँडविच उचललं, पार्सलीसकट खाल्लं, उभ्याउभ्या, घाई न करता. तोंड पुसलं.

“डोलोरेस,” तो म्हणाला, “मी चुकलो.”

“मीठ कमी पडलंय का?” तिने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नसावं.

“नाही. बरोबर आहे.”

मग तो बर्नडीनकडे वळला आणि रचलेल्यांपैकी वरचा कप उचलून तिच्यापुढे धरला.

“भर.”

तिने भरला. थोडी कॉफी टेबलावर सांडली. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कपाकडे पाहत राहिला.

“ग्वेनला इथली कॉफी कधीच आवडली नाही,” तो म्हणाला. “म्हणायची, मेल्यावरच सुटेन मी या कॉफीतून.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, ते कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. डोलोरेसने पर्स खुर्चीवर ठेवली, कप घेतला आणि एमलिनच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या मागे बेकरीतली बाई. बर्नडीनने भांड्याचा नळ सोडला आणि भरत राहिली, एकेक कप, काठोकाठ, खाली मान घालून.